रोल संपल्यावर

पुण्यात दोन वर्षं फोटोग्राफी शिकून आलो आणि पहिलीच ऑर्डर मुकुटबनच्या लग्नाची मिळाली. दुपारपर्यंत बाराशे फोटो झाले होते. मंडपात एका कोपऱ्यात बसून ते तपासत होतो, तेवढ्यात एक आजी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू बाबाराव फोटोवाल्याचा पोरगा ना? तुह्या बापानं माह्या लग्नात आमचा जोडीनं फोटो काढलता. तो काही आला नाही."

मी ओशाळलो. बाबांच्या रोलमध्ये छत्तीसच फोटो निघायचे. रोल संपला की कुणाचं मन मोडू नये म्हणून ते नुसता फ्लॅश उडवायचे. हे आजींना कसं सांगायचं?

"रोल संपला असन, आजी."

"तवाच समजलं होतं मले. नुसताच फ्लॅश मारलता त्यानं. पण त्याच्या सांगण्यानं आमच्या बुढ्यानं चार लोकायसमोर माह्या खांद्यावर हात ठेवलता. मंग जाईपर्यंत कधी ठेवला नाही."

आजी एका खुर्चीवर बसल्या. शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी जवळ ओढली आणि पदर सारखा केला.

"तसाच एक मार आता. नुसताच."

मी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून खिशात ठेवलं. मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि बाबांसारखं मोठ्यानं त्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "आबाजी, लाजू नका. ठेवा हात खांद्यावर."