दही लागणारं घर

इमारतीतल्या एक सोडून प्रत्येक घरात आता प्लाझ्माच्या ठिणगीत चांदीची तार जाळणारं यंत्र होतं. चांदीचे अतिसूक्ष्म कण भिंती-भांड्यांवर बसत आणि सगळे जंतू मरत. दहीसुद्धा लागत नसे. यंत्र नाकारणाऱ्या मालनच्या दारात शेजारची शैलजा वाटी घेऊन उभी होती.

"नातवाला काहीच पचत नाही. डॉक्टरांनी घरचं दही द्यायला सांगितलंय."

"तुमच्या घरी नेलंत तर त्यात काही जिवंत राहणार नाही. त्याला इथे आणा."

"इथे?"

"घाणेरड्या घरातली म्हणून माझ्या मुलीला लिफ्टमधून उतरवलंत ना, तेच हे घर."

शैलजा गेली आणि नाकाला पदर लावून, नातवाला घेऊन परतली. मालनने 'या' म्हटलं नाही, ती फक्त बाजूला सरली. पोरगं दही चाटून हसलं. त्या दोघी हसल्या नाहीत.