शिक्क्याचं तेल

पूर्णगडच्या दुकानात पाऊल टाकताच अन्नसुरक्षा अधिकारी तेजलच्या लक्षात आलं, की तेलाचे दोन डबे कमी आहेत.

तेलाला रॉकेलचा वास होता, खाणाऱ्यांना उलट्या झाल्या होत्या, म्हणून मागच्या फेरीत तिनेच इथले सगळे डबे जप्त केले होते. दोरी बांधली, लाख ओतली, वर सरकारी शिक्का मारला. माल न्यायला मात्र वाहन नाही. अन्नसुरक्षेचा कायदा नवा, खात्यातल्या खुर्च्या नव्या, गाडी तेवढी यायची होती. नाइलाजाने जप्त माल दुकानदार आत्मारामच्याच ताब्यात ठेवून ती गेली, आणि टेम्पोसाठी वरच्या साहेबांच्या नाकदुऱ्या काढत बसली. आज एकदाचा टेम्पो मिळाला होता.

"आत्माराम, दोन डबे कुठे आहेत?"

"आसतील की मॅडम हयसरच कुठंतरी."

तेजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बौद्धवाडीतल्या सुंदराबाई पायरी चढून आल्या. उद्याच्या बुद्धपौर्णिमेला अख्ख्या वाडीचं जेवण त्यांच्या हातचं होतं.

"आत्माराम, कालच्या दोन डब्यांसारखाच आनखी एक दे. शिक्क्याचा. सुट्या तेलाचा काय भरवसा नाय."

"बाई, त्या तेलाने माणसं आजारी पडलीत!" तेजल ओरडलीच. "म्हणून तर मी शिक्का मारलाय!"

"म्हंजे तुमीच तपासलाव ना?" सुंदराबाईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "म्हनून तर ह्याला जास्तीचे पैसे मोजले."

आत्माराम खाली मान घालून तराजू पुसू लागला.

तेजल टेम्पो घेऊन तशीच वाडीत गेली. डबे विहाराच्या ओट्यावर होते, लाख शाबूत होती. तिचा जीव भांड्यात पडला. जमलेल्या बायांना तिने सगळं समजावलं: भेसळ, तपासणी, जप्ती, कायदा. घसा कोरडा पडला. शेवटी ड्रायव्हरने डबे उचलून टेम्पोत चढवले.

उद्याच्या भाज्यांना तेल तर हवंच होतं. सुंदराबाईंनी रिकामा कॅन पुढे केला आणि सुनेला म्हणाल्या,

"जा गो, आत्मारामाकडनं सुट्टाच आन. चांगला माल साहेबलोकांनी न्हेला."