पस्तीसची केबल

"ही केबल म्हणायची की बुटाची नाडी?" वायरमन म्हणाला. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत गेलेली बारीक वायर हाताला चटका देत होती. तिचं आवरण मऊ पडलं होतं.

सकाळपासून वीज नव्हती. पलीकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून मशीनची घरघर येत होती. घरातली बाई त्या दाराला पाठ लावून उभी होती. "यांचं श्वासाचं मशीन आहे हो त्यावर. बंद नका करू. एक मिनिटसुद्धा नाही."

"मग बाकीचं तरी करा, ताई. पंखे, फ्रिज, दिवे, सगळं. वायर जरा निवू दे."

ती धावतच गेली. वायरमनने अंतर मोजलं. चांगलं चार मीटर. पंचवीस चौरस मिलिमीटरची केबल कदाचित चालली असती, पण 'कदाचित'वर कुणाचा श्वास टांगायला त्याचं मन होईना. त्याने पस्तीसची काढली, अंगठ्याएवढी जाड, एक लाल, एक काळी. टोकं सोलली, तांब्याचे लग, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या कड्या, चढवले, दाबून पक्के केले. मग केबल पायाखाली धरून एकेक लग जीव खाऊन ओढून पाहिला. निघायचा असेल तर आताच निघू दे, हा त्याचा खाक्या.

बाईचा दीर आत आला आणि त्याच्या कानाशी लागला. "मिस्त्री, खुशाल बंद करा. दादाला जाऊन आठ महिने झाले. मशीन रिकामंच चालतं. आम्ही सांगून थकलो. एकदाचं बंद पडलं की वहिनीचीही सुटका होईल."

वायरमनचा जीव भांड्यात पडला. त्याने इन्व्हर्टरच्या बटणाकडे हात नेला. लोड किती उतरला ते बघायला जुन्या वायरीवर करंट मोजायचा मीटर लावला होता, तिकडे सहज नजर गेली.

सहा. नऊ. सहा. नऊ.

त्याने हात मागे घेतला. अंगावर सरसरून काटा आला होता.

"चालूवरच जोडतो," तो म्हणाला.

नवे लग त्याने जुन्यांवरच बसवले, नट आवळले, मग जुनी वायर कापून काढली. मशीनची घरघर क्षणभरही तुटली नाही.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" दीर चिडला. "रिकाम्या मशीनसाठी एवढं?"

वायरमनने मीटर नव्या केबलवर लावला. "रिकामं मशीन एकाच आकड्यावर राहतं, साहेब. हवा ओढणारं कुणी असेल तरच आकडा असा वरखाली होतो."

दीर बघत राहिला. मध्येच आकडा सहावर थबकला, तशी त्याचीही छाती थांबली. मग नऊ आला.

तो पलीकडच्या खोलीत गेला. वहिनी पलंगाशी जाऊन बसली होती. तिच्याजवळ वाकून त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "दादा जागा आहे का?"