व्हायवेला जाताना

जळकोटला बस थांबली तेव्हा कृष्णराज ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मांडीवरची कापडी पिशवी त्याने दोन्ही हातांनी दाबून धरली होती, जणू आतला प्रबंध संधी मिळताच खिडकीतून उडी टाकणार होता.

शेजारी एक काका येऊन बसले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांनी पिशवीचा आकार नीट न्याहाळला.

"व्हायवा का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढं जाड बाड माणूस हौसेनं घेऊन फिरत न्हाय, पाव्हणं."

कृष्णराजला एकदम हलकं वाटलं. साडेअकराला मुरुमच्या कॉलेजात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. पहिलीच. सकाळी त्याच्या जुन्या सरांचा फोन येऊन गेला होता, की मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, माझी मान खाली घालायला लावू नकोस. निकितानं, म्हणजे बायकोनं, जाताना दह्यासाखरेची वाटी पुढे केली होती, पण ते गिळतानासुद्धा त्याला उचकी लागली. व्हायवा खुली असते, कुणीही येऊन बसतं. भरल्या हॉलमध्ये एकदा दातखीळ बसली की तो किस्सा पुढची वीस वर्षं स्टाफरूममध्ये चहाबरोबर फिरतो.

काका रिटायर्ड मास्तर निघाले. त्यांना व्हायवा बघायचा नाद होता. लोक जत्रेतल्या कुस्त्या बघायला जातात तसे ते गावोगावच्या व्हायवांना जायचे आणि पुढच्या रांगेत बसायचे. कुठला डाव कुठं लागतो, हे त्यांना पाठ झालं होतं.

कृष्णराज विषय सांगायला लागला, तर त्यांनी हात वर केला.

"विषय राहू द्या. व्हायवेत विषयाला कोण विचारतंय."

मग नळदुर्गची चढण मागे पडल्यावर बस सुटावी तसा काकांचा आवाज मोकळा सुटला. प्रश्न आला की लगेच तोंड उघडायचं नाही, आधी तो कागदावर लिहून घ्यायचा. समोरच्याला वाटतं आपला मान राखला, आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळतो. जे येत नाही ते अभ्यासाच्या मर्यादांमध्ये ढकलायचं, मर्यादा हे प्रकरण त्यासाठीच असतं. प्रेक्षकांतून एखादा उठून लांबलचक प्रश्न विचारतो, त्याला उत्तर नको असतं, त्याला स्वतःचं सांगायचं असतं. त्याला सांगू द्यायचं आणि शेवटी म्हणायचं, सर, अगदी हेच मला म्हणायचं होतं.

"आणि परीक्षक प्रबंध हातात आला की पहिल्यांदा काय बघतो, माहितीय?"

"काय?"

"मागं संदर्भसूचीत आपलं नाव हाय का न्हाय."

कृष्णराज खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर सोयाबीनशिवाय काही नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

मग त्याने मनातलं सांगून टाकलं. प्रबंध त्याने तीनदा वाचला होता. तिसरं प्रकरण तीनदा वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. आज तिथं कुणी त्यावरच बोट ठेवलं तर काय करायचं?

काका इतके हसले की पुढच्या सीटवरची बाई मागे वळली.

"तिसरं प्रकरण कुणालाच कळत नसतंय. ते गाईड घालतो. बिनधास्त जावा."

कृष्णराजही हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

काकांनी डबा उघडला. आत धपाटी होती, वर शेंगाचटणी. उपाशीपोटी अक्कल चालत नाही म्हणत त्यांनी दोन त्याच्या हातावर ठेवली. कृष्णराजने आढेवेढे घेतले.

"खावा हो. तिथल्या साहेब लोकांसाठी नेतोय. त्यांना दोन कमी पडली म्हणून कुणाचं काय जात न्हाय."

मग आणखी दोन आली, आणि चौथं धपाटं संपेपर्यंत मुरुम आलं. कृष्णराजने आभार मानले, हात जोडले आणि कॉलेजचा रस्ता विचारला.

"चला की, मी पण तिकडंच. व्हायवेलाच. आज दोघांच्या हायत म्हणं तिथं."

ज्या माणसाला आपण तिसरं प्रकरण कळलं नाही म्हणून सांगितलं, तो माणूस आज त्याच हॉलमध्ये बसणार होता. तुम्ही कोण म्हणून, एवढं साधं विचारायचं त्याला धाडस झालं नाही. काका मात्र रस्ताभर पावसापाण्याचं बोलत होते.

गेटवर प्राचार्य स्वतः उभे होते. काकांना बघताच ते धावत आले आणि चक्क वाकून त्यांच्या पाया पडले. शिपाई पाया पडला. ग्रंथपाल बाई पाया पडल्या. काका प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत, कुणाचा पाढा अजून चुकतो का ते विचारत पुढे गेले. प्राचार्यांनी मागे घुटमळणाऱ्या कृष्णराजकडे बघितलं आणि घाईत म्हणाले, "तुम्ही आत बसून घ्या."

हॉल गच्च भरला होता. कृष्णराजने कोपऱ्यातली खुर्ची धरली. काकांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. त्यांनी मागे वळून त्याला शोधलं आणि लांबूनच मूठ आवळून दाखवली, घाबरू नको म्हणून. त्या मुठीनं कृष्णराजचा उरलासुरला धीरही सुटला.

प्राचार्यांनी माईकवर टिचकी मारली. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक लांबलं, कुणीतरी पंखा वाढवला.

"आता बहिःस्थ परीक्षकांना विनंती आहे, त्यांनी मंचावर येऊन आसनस्थ व्हावं."

हॉल मान वळवून वाट बघू लागला. कोपऱ्यातून कृष्णराज उठला, मंचावर गेला आणि मधल्या खुर्चीत बसला.

"आणि आता संशोधक विद्यार्थ्याने समोर येऊन आपला प्रबंध मांडावा."

पहिल्या रांगेतून काका उठले.