आज डब्यात काय

"डब्यात काय?"

बरोबर साडेबाराला रोहेकरचा मेसेज आला. रितेशनं जिते स्टेशनच्या बाकावर मांडी घातली आणि डबा न उघडताच लिहिलं, "भाकरी आन् जवळ्याची चटणी."

"मजा हाय लेका तुझी."

"तुझ्याकडं?"

"नेहमीचंच. तू सांग, चटणीत आमसूल हाय काय?"

आता बावीस वर्षांच्या धडधाकट पोराचं भरदुपारी जित्याच्या फलाटावर काय काम? तो डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर असायला हवा होता. घरी तरी सगळ्यांना तसंच ठाऊक होतं. ठेकेदाराकडचं काम संपून दीड महिना झाला, पण रितेशच्या तोंडून घरी शब्द फुटला नव्हता. सकाळी डबा घेऊन निघायचं. पेणात चार ओळखीचे भेटतात, म्हणून पुढं जित्याला येऊन बसायचं. थोरल्या भावाची, सुजयदादाची पनवेलची गाडी जित्यावरूनच जायची. ती गेली की मगच हा फलाटावर चढायचा. लपायचं म्हटलं तरी वेळापत्रक पाळावं लागतं.

रोहेकर त्याला नोकरीच्या एका ग्रुपवर भेटला होता, जिथं कुणाचा नंबर दिसत नाही. कुणीतरी जाहिरात टाकली होती, आधी पैसे भरा मग नोकरी. रितेशनं खाली विचारलं, "खरं हाय काय?" एकानं उत्तर दिलं, "खरं असतं तर मी रोहा स्टेशनात बसून माश्या मारल्या असत्या काय?" बऱ्याच दिवसांनी रितेशला हसू आलं.

तिथून दोघं वेगळे बोलायला लागले. हा जितेकर, तो रोहेकर. खरं नाव, गाव, फोटो काही विचारायचं नाही, असं रोहेकरनंच ठरवलं. रितेशला ते बरं पडलं. या जिल्ह्यात दोन माणसं बोलायला लागली की तिसरा नातेवाईक निघतोच.

बोलणं तरी कसलं? फलाटावरचं कुत्रं आज लंगडतंय. चहावाल्यानं आज उधार दिला. रोहेकरचीही नोकरी गेली होती, तीन महिन्यांपूर्वी. साठवलेल्यातून तो घरी पगार म्हणून देत होता, आणि तेही आता संपत आलं होतं. एकदा त्यानं लिहिलं, "दिवसभरात मी खरं फक्त तुझ्याशीच बोलतो." रितेशनं ते दोनदा वाचलं. त्याचंही तेच होतं.

"एक तारीख चार दिवसांवर आली," रितेशनं लिहिलं. "या महिन्याला घरी द्यायला माझ्याकडं काय नाय."

उत्तर आलं, "मग सांगून टाकू. उद्या संध्याकाळी. तू तुझ्या घरी, मी माझ्या."

"भ्या वाटतं रे."

"मला नाय वाटत काय? पण घरात अजून कोण कमावतो ना तुझ्या?"

"हाय एकजण."

"माझ्याकडं पण हाय. मग घर काय उपाशी नाय राहणार. शिव्या बसतील, खाऊ."

रितेशनं अंगठा पाठवला. मनात म्हणाला, खरंच, दादा हाय ना.

दुसऱ्या दिवशी घरात सकाळपासून धांदल. भाताच्या लावणीला माणसं यायची होती. आई कृष्णाबाई चुलीपुढून उठेना आणि बाप विठू दारातून ओरडत होता, "आटप गो, माणसं बांधावर उभी हायेत."

"दोन हात हायेत मला," कृष्णाबाई म्हणाली आणि दोन्ही डबे भरायला घेतले. एकाच दुकानातले, एकसारखे स्टीलचे डबे. दादाला चपात्या, रितेशला भाकरी. पनवेलच्या हापिसात बसणाऱ्याला भाकरी शोभत नाही, असं तिचं मत होतं. सुका जवळा तर नाहीच नाही, मासळीचा वास येतो.

सुजय इस्त्रीचा शर्ट घालून डबा घ्यायला आला. विठूनं त्याच्याकडं बघितलं आणि मग रितेशकडं. "दादासारखं वाग जरा. तीन वर्सं झाली, एक दिवस उशीर नाय."

"राहू द्या ना बाबा," सुजय म्हणाला. जाताना त्यानं रितेशच्या डोक्यावर टपली मारली. "नीट जा रे. मशीनजवळ हात सांभाळ."

रितेशला वाटलं, आत्ताच सांगावं याला. पण गाडीची वेळ झाली होती. दादा गेला.

जित्याला आज साडेबारा वाजले, पावणेएक वाजला. मेसेज नाही. रितेश डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. रोहेकरचा धीर सुटला असावा. मग आपलाही सुटायला काय हरकत? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी त्यानंच लिहिलं, "डब्यात काय?"

लगेच उत्तर आलं. "जेवत होतो रे. आज वेळ लागला. किती दिवसांनी पोटभर जेवलो."

"का? आज नेहमीचं नाय?"

"नाय. आईनं घाईत डबे बदलले. भाकरी आन् जवळ्याची चटणी, तुझ्यासारखीच. धाकट्याचा डबा माझ्याकडं आला."

"मग धाकटा?"

"तो बिचारा डोलवीला शिफ्टवर माझ्या चपात्या खात असंल. त्याचा पगार हाय म्हणून तर आज सांगायचा धीर करतोय. तुझं ठरलं ना नक्की?"

रितेशनं मोबाईल बाकावर ठेवला. मग डब्याचं झाकण काढलं.

वर चार चपात्या होत्या, घडी घालून ठेवलेल्या.