चंद्रावरची शेगडी

"एकच जागा उरलीय," संपादक म्हणाले. "आणि पुढच्या अंकापासून विज्ञानकथा बंद. मालकांचा हुकूम."

उपसंपादिकाबाईंनी उरलेल्या दोन कथा टेबलावर सरळ केल्या. आलेली प्रत्येक कथा आधी त्या वाचत. नकाराचं पत्रही त्याच लिहीत, खाली सही तेवढी संपादकांची.

"बाईमाणसाची नाही ना एखादी? मागे एकीनं पाठवली, तर मालक म्हणाले, आता रॉकेटला झालर लावा!"

"दोन्ही पुरुषांच्याच आहेत," बाई म्हणाल्या.

त्यातला एक पुरुष त्या स्वतःच होत्या. त्या पुरुषी टोपणनावाची एकही कथा आजवर छापली गेली नव्हती. आता नाही तर कधीच नाही.

घरी कुणाला याचा पत्ता नव्हता. आपण टायपिस्ट आहोत, असंच त्यांनी सांगितलं होतं. नाहीतर शेजारीपाजारी कवितांच्या चळती घेऊन दारात उभे राहिले असते.

"दिवसभर जगाचं लिहिलेलं बडवतेस," सासूबाई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना टोमणा मारत. "काय छापतात गं एवढं?"

"आकाशातल्या गप्पा, आई."

"असं होय."

दुसरी कथा कुणा अनोळखी गृहस्थाची होती. टाइप करून घेतलेली, पत्ता पोस्टातल्या पेटीचा. चंद्रावर काचेच्या घुमटात एक म्हातारी झाडं वाढवते, त्यांच्या हवेवर शेगडी पेटती ठेवते आणि पृथ्वीवरून कुणीतरी जेवायला येईल म्हणून वाट बघते. कुणी येत नाही.

बाईंचा चहा गार झाला. आपल्याला असं सात जन्मांत जमणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

त्यांनी टाइपरायटर पुढे ओढला. 'चंद्रावर हवा नाही, तिथे शेगडी पेटेल कशी? आधी विज्ञान शिका.'

संपादकांनी न वाचताच सही ठोकली.

अंक निघाला त्या संध्याकाळी बाई एक प्रत पिशवीत लपवून घरी आल्या. सासूबाई शेगडीपुढे बसून टाइप केलेले कागद एकेक करून आत सारत होत्या.

"काय जाळताय, आई?"

"रद्दी. तुझ्याच हापिसातून परत आलीय." त्यांनी वर पाहिलं नाही. "झाडांची हवा काचेत कोंडली होती मी, चांगली पानभर समजावून. तुझ्या त्या संपादकानं उघडूनसुद्धा पाहिलं नसेल."

शेवटचा कागद आत गेला.

"पुरुषच तो. एखाद्या बाईनं वाचली असती ना सूनबाई, तर परत नसती आली."