अर्धा इंच
बायको गेल्यापासून टेलरमास्तर कामात मध्येच थिजायचे. समुपदेशक बाईंनी उपाय शिकवला होता: मन भरून आलं की कात्री ठेवायची, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. आजही मास्तर म्हणू लागले, "खडू. टेप. इस्त्री. बटणांचा डबा." पाचवा होता नुकताच बेतलेला गिऱ्हाइकाचा कोट. त्याच्या खाली उतरलेल्या डाव्या खांद्यावर मास्तरांचं बोट थांबलं. मुलगी वाकून म्हणाली, "बाबा, या गिऱ्हाइकाचे खांदे सरळ आहेत! डावा खांदा अर्धा इंच खाली फक्त आईचा होता." पस्तीस वर्षांची सवय; हाताला कोण समजावणार? मास्तरांनी गिऱ्हाइकासाठी दुसरं कापड काढलं, पण चुकलेला कोटही शेवटच्या बटणापर्यंत शिवला. "हा कुणासाठी?" मुलीने विचारलं. "बाई म्हणाल्या होत्या, आठवण आली तर हाकलू नका, बसायला जागा द्या." मास्तरांनी कोट रिकाम्या खुर्चीला घातला आणि डाव्या खांद्यावर हात ठेवला.